हाडवाल्या काकांच्या सल्ल्यानं

सिनेमात डायनासोर माणूस खातो तेव्हा सगळं थिएटर किंचाळतं. आमचे हाडवाले काका तेव्हा हसायचे. गालातल्या गालात नाही, चांगले खो खो. पुढच्या रांगेतली बाई डोळ्यांवर हात घेऊन बसलेली असायची, तिचा नवरा मागे वळून आमच्याकडे रागानं पाहायचा, आणि काका पडद्याकडे बोट दाखवून मला सांगायचे, "हात पाह्य गा त्याचे! भाकर थापून राहिला का तो?"

त्या जनावराच्या जबड्यात एक माणूस लोंबकळत असायचा, पण काकांचं त्याच्याकडे लक्षच नसायचं. त्यांचं लक्ष जनावराच्या मनगटाकडे. दोन पायांवर चालणाऱ्या शिकारी डायनासोरचे तळहात जमिनीकडे वळतच नसत. टाळी वाजवताना असतात तसे ते समोरासमोर असत. "मनगटात तेवढं वळणच नाही त्याले," असं म्हणत मध्यंतरात ते समोसा खाली ठेवून, दोन्ही कोपरं अंगाशी धरून, तिथल्या तिथं करून दाखवायचे. मी अंग चोरून उभा राहायचो. ओळखीचं कुणी पाहत तर नाही ना, याचा अंदाज घ्यायचो. त्यांच्यासोबत असताना लाज वाटायची, ही माझी जुनीच सवय होती. आता वाटते ती लाज वेगळी आहे, आणि तिचा काकांच्या वागण्याशी काही संबंध नाही.

आम्ही प्रताप नगरात राहतो. काकांचं घर आमच्या मागच्या गल्लीत. एका सरकारी खात्याच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. खात्यातले साहेब लोक वरोऱ्याकडून, जबलपूरकडून डायनासोरची हाडं आणत, दगड होऊन गेलेली, पोत्याच्या पट्ट्या आणि प्लॅस्टरमध्ये गुंडाळलेली. आणि काका ती दगडातून सोडवत, साफ करत, जोडत. म्हणून हाडवाले. गल्लीत नवा आलेला माणूस या नावानं हमखास फसायचा. कुणाचा पाय मुरगळला की त्याला उचलून काकांच्या दारात आणायचे. काका तो पाय मनापासून निरखून पाहायचे आणि म्हणायचे, "मले यातलं जमत नाही बाबू. माह्याकडं येते त्याले दुखत नसते." मग स्वतःच त्याला स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे सोडून यायचे. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं, त्याचीच ही हकिकत आहे.

दाताच्या डॉक्टरची सुई, बारीक ब्रश आणि न संपणारा धीर एवढ्यावर त्यांचं काम चालायचं. एकेका मणक्याला महिना महिना जायचा. त्यातही त्यांचा एक नेम होता. हाडाचा एखादा तुकडा सापडलाच नाही तर ती जागा ते प्लॅस्टरनं भरत, पण त्या प्लॅस्टरला हाडाचा रंग देत नसत. मुद्दाम फिकट ठेवत. एकदा दिल्लीहून पाहुणे येणार म्हणून एका साहेबांनी सगळं एकसारखं रंगवायला सांगितलं, तर काकांनी दोन दिवसांची रजा टाकली. "जमिनीनं देल्लं ते येगळं दिसलं पाहिजे, आन् आपण भरलं ते येगळं," ते मला सांगत. "नाहीतं मंग ते खोटं बोलणं झालं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मला ते पाठ झालं होतं. पाठ काय, पोपटालाही होतं.

निवृत्तीनंतर त्यांना सिनेमांचा नाद लागला. डायनासोरचा नवा सिनेमा आला की पहिल्या आठवड्यात पाहायचाच. मुलगा पुण्याला. काकू म्हणायच्या, "मले नाही पाह्यचे ते राक्षस, तुम्हीच जा." म्हणून सोबतीला मी. मी माहितीपत्रकं, पाट्या, जाहिरातीचा मजकूर लिहून पोट भरतो. दुपारच्या खेळाला मला वेळ असायचा. काका परीक्षक असल्यासारखे बसायचे. माणसाच्या उंचीचे, कातडीवाले, चपळ डायनासोर टोळीनं धावत आले की ते हळहळायचे. "एवढासा होता गा तो, मोठ्या कोंबड्याएवढा. आन् पिसं होती त्याले. पण कोंबड्याले कोण भिते? म्हणून उपटली याईनं." एखाद्या प्रचंड जनावरानं भक्ष्याकडे धावता धावता डरकाळी फोडली की ते म्हणत, "वाघ चितळावर जाते तेव्हा बोंबलत जाते का? चूप जाते. हा काय निवडणुकीले उभा आहे?" आणि 'हलू नका, हललं नाही तर त्याला दिसत नाही,' असं पडद्यावरचा शास्त्रज्ञ कुजबुजला की काका त्यालाच विचारायचे, "मंग एवढे मोठे डोळे काय शोभेले देल्ले का त्याले?"

पण ते नुसते खोडी काढणारे नव्हते. बरोबर असेल तिथं मोकळेपणानं दाद द्यायचे. "शेपूट वर धरली, पाह्य. पह्यले घासत नेत होते. पावलांचे ठसे सापडतात दगडात, शेपटीची रेघ सापडत नाही. बरोबर केलं यानं." एका सिनेमात एक लांब मानेचं जनावर नुसतं शांतपणे चरत होतं, तेव्हा मी काकांकडे वळून पाहिलं तर चष्मा काढून हातात धरला होता. आयुष्यभर ज्याची सुटी हाडं हाताळली ते चालताना पाहिलं, म्हणून असेल.

त्यांना कुणी विचारलं, काका, डायनासोरचा रंग कसा होता हो, तर ते आनंदानं म्हणायचे, "माहीत नाही." आवाज कसा होता? "माहीत नाही." समोरचा हिरमुसला की पुढे सांगायचे, "मले माहीत नाही, आन् सिनेमावाल्यालेही माहीत नाही. फरक इतकाच का मी सांगून देतो." त्या 'माहीत नाही'त त्यांना जो आनंद वाटायचा तो मी फार थोड्या विद्वानांच्या तोंडावर पाहिला आहे.

त्यांनी जोडलेल्या हाडांवर साहेबांनी मोठमोठे लेख लिहिले. ते सगळे काकांच्या कपाटात नीट ठेवलेले असायचे. कशातच काकांचं नाव नव्हतं. शेवटी आभार मानतात त्या चार ओळींतही नाही. काकू एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "इतके कागद आहेत, यायचं नाव कुठं आहे त्यात?" काका हसून म्हणाले, "माहे जोड आहेत ना वं हाडात. नावाचं काय." ते हसले खरे, पण ते कागद पुन्हा कपाटात ठेवताना त्यांनी वरची धूळ पुसली, हे मी पाहिलं. पुढे मी जे केलं त्याचं समर्थन करताना मला हाच प्रसंग आठवायचा.

काही वर्षांपूर्वी कळमेश्वर रोडला एकानं डायनासोर पार्क काढलं. फायबरची मोठमोठी जनावरं, आत मोटर बसवून माना हलणारी, पोटात स्पीकर. पाट्या लिहायचं काम मला मिळालं. मी उड्या मारतच काकांकडे गेलो, मालकानं दिलेली चित्रं त्यांच्यापुढे टाकली. काकांनी आठवडा घेतला. मग दोनशे पानी वही घेऊन आले. एका पानावर एक जनावर, पेन्सिलीनं काढलेलं. हात, शेपूट, दात, पिसं, आणि प्रत्येकाला बाण मारून नोंद. जिथं नक्की ठाऊक नाही तिथं स्वच्छ अक्षरात 'माहीत नाही'. शेवटच्या पानावर वरोऱ्याकडे सापडलेल्या लांब मानेच्या जनावराचं चित्र. "हे एक तरी ठेवा म्हणा बाबू," ते म्हणाले. "पोरायले समजू दे का हे फक्त अमेरिकेत नव्हते. आपल्या पायाखाली आहेत."

मालकानं वही चाळली. भला माणूस होता, पण धंदेवाईक. म्हणाला, "पिसंवाला डायनासोर? भाऊ, लोक हसतील. पिक्चरमध्ये पाहिला तसाच पाहिजे पब्लिकले. आन् साचे तं कधीचे बनले." साचे बनले होते हे खरं. पण पाट्या तर माझ्या हातात होत्या. प्रत्येक पाटीवर एक ओळ लिहिता आली असती: हे जनावर सिनेमाप्रमाणे केलं आहे, खरं असं नव्हतं. काका फिकट प्लॅस्टर भरायचे, तेवढंच. मी ती ओळ एकदा सुचवली. मालक म्हणाला, "मंग आपणच आपलं खोटं आहे म्हणून सांगावं का?" मी ती दुसऱ्यांदा सुचवली नाही. काम हातचं जाईल ही भीती होती, आणि वाद घालायचा कंटाळाही होता. दोन्ही सांगून टाकतो.

वही परत देताना मालकानं विचारलं, "हे बुजुर्ग सरकारी खात्यातले आहेत ना? त्यायचं नाव टाका मोठ्या पाटीवर. वजन पडते." माझ्या मनावरचं ओझं एकदम उतरलं. काकांचं म्हणणं कुठं घेतलं नाही, ही टोचणी या एका गोष्टीनं मिटेल असं मला वाटलं. जन्मभर ज्याचं नाव कुठं छापलं नाही, त्याचं नाव दगडात कोरलं जाणार. प्रवेशद्वाराशी काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत आलं: शास्त्रीय सल्लागार, आणि खाली काकांचं पूर्ण नाव. मजकूर माझाच. काकांना विचारलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

तो बसला. उद्घाटनाला काका इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच आले. काकूंचे गुडघे दुखत होते. दगडासमोर थांबले. अक्षरांवरून बोट फिरवलं. "माह्यं नाव?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी चांगलं काम केलं. मग ते आत गेले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा तो चेहरा राहिला नव्हता. ओरडले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, माह्यं नाव काढ."

"काहून काका?"

"मी हे सांगतलं नव्हतं. मी याच्या उलटं सांगतलं होतं." मग म्हणाले, "नाहीतं जनावरं दुरुस्त करा. पण दोन्ही संगं नको ठेवू."

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात करतो. ग्रॅनाइट आहे, एकदम होत नाही. त्यानंतर किती महिने मी पुढचा महिना सांगितला, ते आता आठवायलाही नको वाटतं. काकांनी चारपाचदा विचारलं आणि मग विचारायचं सोडलं. त्याऐवजी ते दर रविवारी दोन बस बदलून पार्कात जाऊ लागले. तिकीट काढून आत शिरायचे आणि त्या पिसं नसलेल्या चपळ जनावरापाशी उभे राहायचे. लहान मुलं आली की सांगायचे, "पोराहो, हे असं नव्हतं." मग हात करून दाखवायचे, टाळीसारखे. आपलं नाव ज्याच्यावर लागलं ते निदान तोंडी तरी दुरुस्त करत होते. मालकाचा मला फोन आला, तुमचे बुजुर्ग लोकांले भडकवून राहिले. मी हसण्यावारी नेलं.

एका रविवारी मालकानं मला बोलावून घेतलं. दुसऱ्या शहरात असंच पार्क निघणार होतं, तिथले दोन अधिकारी पाहायला आले होते, आणि त्याही पाट्या मलाच मिळणार होत्या. आम्ही चौघं फिरत फिरत त्या जनावरापाशी आलो. काका होतेच. समोर पाचसहा मुलं, काकांची कोपरं अंगाशी, तळहात समोरासमोर. एका अधिकाऱ्यानं मला विचारलं, "हे कोण?"

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "येत असतात. थोडं डोकं सरकलेलं आहे त्यांचं. डायनासोरचं वेड लागलंय."

हे मी म्हणालो. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. 'हे आमचे सल्लागार, यांचंच नाव बाहेर दगडावर आहे,' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण मग ते बोलले असते, आणि जे बोलले असते ते खरं असतं. काका हाकेच्या अंतरावर होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी मुलांना सुरू केलेलं वाक्य आधी पुरं केलं, "...आन् पिसं होती त्याले. बस, एवढंच." मग चपला नीट सरकवून ते दाराकडे निघाले. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "येतो साहेब." त्यांनी मला जन्मात कधी साहेब म्हटलं नव्हतं.

ते पुन्हा पार्कात गेले नाहीत. मी त्यांच्या गल्लीत गेलो नाही. दूध आणायला लांबचा रस्ता धरला. कधी चौकात समोर आलेच तर ते पूर्वीसारखीच मान हलवायचे, मी घाईत असल्यासारखा पुढे सटकायचो. माफी मागायला कितीदा निघालो आणि किती कारणांनी परत फिरलो. लाजेचं असं आहे की ती माणसाला सुधारत नाही, नुसती लपायला लावते. निदान मला तरी. नवा सिनेमा आला. मी फोनची वाट पाहिली, आला नाही. एकट्यानं पाहिला. थिएटर किंचाळलं तेव्हा कुणीच हसलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत काका गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी सगळ्यात मागे बसलो. घरी आलो ते थेट मालकाला फोन केला. नाव काढायचंय, म्हटलं. मालक म्हणाला, "काढून टाका. आता तसंही काय." इतकं सोपं होतं ते. दगडाच्या मिस्त्रीला सोमवारची वेळ दिली. जिवंतपणी जे केलं नाही ते मेल्यावर का होईना करतोय, असं स्वतःला समजावत राहिलो.

त्याआधीच्या शनिवारी काकूंचा निरोप आला. मुलगा परत पुण्याला गेला होता, त्या एकट्याच होत्या. म्हणाल्या, "बाबू, मले एकदा ते पार्क दाखव. यायनं मले कधीच नेलं नाही. दर रविवारी एकटेच जात होते, आपलं नाव पाहाले. मी म्हणो, मलेही न्या, तं लाजत. आता मी आपली जाऊन येतो."

काकांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. ना जनावरांचं, ना माझं.

रविवारी मी काकूंना गाडीनं घेऊन गेलो. गुडघ्यांवर हात ठेवत त्या हळूहळू दगडापाशी आल्या. नाव वाचलं, पदरानं पुसलं, पुन्हा वाचलं. आत एक चक्कर मारली. माना हलत होत्या, स्पीकर डरकाळ्या फोडत होते. त्या चपळ जनावरापाशी काकू बराच वेळ थांबल्या आणि मला म्हणाल्या, "हे सगळं त्यायनं सांगतलं तसंच केलं ना तुम्ही?"

खरं सांगायची ती माझी शेवटची संधी होती. काका असते तर त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं. मी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं इतक्या वर्षांनी काहीतरी भरून आलं होतं, कपाटातल्या त्या कागदांनी कधी दिलं नव्हतं ते. पण त्यांच्यासाठी मी खोटं बोललो, असं म्हणायची सोय मला नाही. खरं सांगायचं धैर्यच माझ्यात नव्हतं.

"हो काकू," मी म्हणालो. "त्यांनी सांगितलं तसंच."

"मंग बरं," त्या म्हणाल्या. "नाहीतं लोक ऐकत नाहीत." परत निघताना दगडापाशी उभ्या राहून त्यांनी माझ्याकडून फोटो काढून घेतला, आणि मुलाला पाठवायला लावला.

त्यांना घरी सोडून मी गाडीतूनच मिस्त्रीला फोन केला. उद्या येऊ नको, म्हटलं.

"काहून भाऊ? नाव चुकलं म्हणून काढायचं आहे म्हणत होते ना तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो. "नाव बरोबर आहे."